टाटा नॅनो

टाटा नॅनो ही टाटा मोटर्स या भारतीय कंपनीने इ.स. २००९ ते २०१८ या काळात बाजारात विकलेली चार आसनांची छोटी मोटार होती. दुचाकीवरून प्रवास करणाऱ्या कुटुंबाला परवडेल अशी चारचाकी एक लाख रुपयांत द्यायची, या उद्देशाने ती तयार करण्यात आली. बाजारात आली तेव्हा ती जगातील सर्वांत स्वस्त नवी मोटार म्हणून ओळखली जात होती. मराठी वृत्तपत्रांत तिचा उल्लेख प्रामुख्याने 'लखटकिया गाडी' असा होत असे. वर्षाला अडीच लाख गाड्या बनवण्याच्या क्षमतेचा कारखाना तिच्यासाठी उभारण्यात आला. प्रत्यक्षात सुमारे दहा वर्षांत मिळून जवळपास तीन लाख गाड्याच विकल्या गेल्या. अतिशय कमी किमतीच्या मोटारीचे आकर्षण आणि तिच्या मर्यादा या दोहोंचा अभ्यास करताना नॅनोचे उदाहरण आवर्जून घेतले जाते.

नाव

'नॅनो' हा शब्द मोजमापनशास्त्रात एक अब्जांश या अर्थाने वापरला जातो. गुजराती भाषेत 'नानो' म्हणजे लहान. टाटा घराण्याची घरातली भाषा लक्षात घेता हा दुसरा अर्थही नावाला शोभून दिसतो.

संकल्पना

टाटा समूहाचे तत्कालीन अध्यक्ष रतन टाटा यांनी या मोटारीच्या कल्पनेचा उगम अनेकदा सांगितला आहे. पावसात भिजलेल्या रस्त्यावरून एका स्कूटरवर आई, वडील आणि दोन मुले असे कुटुंब जाताना त्यांनी पाहिले. वडील चालवत आहेत, धाकटे मूल पुढे उभे आहे, मागे बसलेल्या आईच्या मांडीवर दुसरे मूल आहे, हे दृश्य भारतातील कोणत्याही शहरात नित्याचेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला बसण्याची मुभा आहे; तरीही 'ट्रिपल सीट' हा शब्द मराठी शहरांच्या रोजच्या बोलीत रुळलेला आहे, यावरून ही गरज किती व्यापक होती याची कल्पना येते.

आरंभी टाटांच्या मनात दुचाकीलाच अधिक सुरक्षित करण्याचा विचार होता. चार चाकांची, दारे नसलेली, पावसात पडदे सोडता येतील अशी एक उघडी गाडीही विचाराधीन होती. परंतु ग्राहकाला अर्धवट गाडी नको, खरीखुरी मोटार हवी, हे ध्यानात आल्यावर तो विचार मागे पडला.

एक लाख हा आकडा मात्र कोणत्याही हिशेबातून निघालेला नव्हता. इ.स. २००३ मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनाच्या वेळी एका ब्रिटिश दैनिकाच्या प्रतिनिधीशी बोलताना टाटांनी अंदाजाने तेवढी किंमत सांगितली आणि ती बातमी झाली. खुलासा करून आकडा मागे घेण्याऐवजी त्यांनी तेच उद्दिष्ट म्हणून स्वीकारले. गाडीचा आकार, वजन व इंजिनच नव्हे, तर कारखान्याची जागा, प्रसिद्धी आणि अखेरीस गाडीविषयीचे लोकमत या सर्वांवर पुढे या एका आकड्याचा प्रभाव राहिला. पहिल्या घोषणेपासून गाडी बाजारात येईपर्यंत सहा वर्षे गेली. त्या अवधीत पोलाद आणि इतर कच्च्या मालाचे भाव चढले, आकडा मात्र जनतेच्या मनात तसाच राहिला.

कमी किमतीच्या मोटारीचा प्रयत्न भारतात नवा नव्हता. महाराष्ट्रातील इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पकतेने तयार केली होती व अनेक वर्षे तिच्यात सुधारणा केल्या होत्या. परवाना पद्धतीच्या त्या काळात तिचे व्यापारी उत्पादन मात्र सुरू होऊ शकले नाही. त्यानंतर १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या पहिल्या मोटारीचे स्थान तिने तीन दशके टिकवले. नॅनोला मारुतीच्याही खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या ग्राहकाकडे जायचे होते.

रचना

नॅनोच्या अभियांत्रिकीचे मुख्य काम टाटा मोटर्सच्या पुणे येथील संशोधन केंद्रात झाले. सुमारे पाचशे अभियंत्यांच्या गटाचे नेतृत्व गिरीश वाघ यांच्याकडे होते. बाह्यरूपाच्या कामात इटलीतील एका संकल्पनसंस्थेचा सहभाग होता आणि इंजिनाचे नियंत्रण करणारी यंत्रणा बॉश या कंपनीने पुरवली.

इंजिन दोन नळकांड्यांचे, ६२४ घनसेंटिमीटर क्षमतेचे, पेट्रोलवर चालणारे व ॲल्युमिनिअमचे होते. त्याची शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती आणि गाडीचा कमाल वेग ताशी १०५ किलोमीटर होता. ते मागील आसनाखाली बसवून मागच्याच चाकांना जोडलेले होते. त्यामुळे इंजिनापासून मागील चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा वाचला व आतली जागा वाढली. गाडीची लांबी ३.१ मीटर, रुंदी १.५ मीटर आणि उंची १.६ मीटरहून थोडी अधिक होती. बाहेरून मारुती ८०० पेक्षा आठ टक्के लहान असूनही आत एकवीस टक्के अधिक जागा असल्याचा कंपनीचा दावा होता. उंच माणसालाही मागे गुडघे न मुडपता बसता येत असे, ही बाब बहुतेक परीक्षकांनी मान्य केली.

काटकसर जागोजागी होती. पुढच्या काचेवर दोनऐवजी एकच वायपर होता. चाके चार बोल्टांऐवजी तीन बोल्टांवर बसवलेली होती. सुकाणूचा दांडा पोकळ होता. बाहेरचा आरसा केवळ चालकाच्या बाजूला होता. वेगमापक मध्यभागी बसवला होता, म्हणजे डाव्या वा उजव्या सुकाणूच्या देशांसाठी वेगळा फलक बनवावा लागू नये. मागे डिकीचे दार नव्हते. सामान ठेवण्यासाठी मागील आसनाची पाठ पुढे पाडून आतूनच हात घालावा लागे. पेट्रोल भरण्यासाठी पुढचे बॉनेट उघडावे लागे, कारण टाकीचे तोंड तेथे होते. टाकीही अवघ्या १५ लिटरची होती. मूळ आवृत्तीत वातानुकूलन नव्हते आणि विजेवर चालणाऱ्या काचाही नव्हत्या. सुरुवातीच्या कोणत्याही आवृत्तीत पॉवर स्टिअरिंग वा हवेच्या पिशव्या नव्हत्या.

यांतील काही बचती कल्पक होत्या आणि त्यांचा ग्राहकाला तोटा नव्हता. तीन बोल्टांमुळे कोणाची गैरसोय झाली असे दिसत नाही. इंजिन मागे ठेवण्याची मांडणी तर नॅनोचे मोठे बळ ठरली. काही बचती मात्र दर आठवड्याला डोळ्यांसमोर येणाऱ्या होत्या. बाजारातून पिशव्या घेऊन आलेल्या माणसाला उघडता न येणारी डिकी आणि शेजाऱ्याच्या गाडीला दोन वायपर असताना आपल्याला एक, या गोष्टी विसरणे अवघड होते. अभियंत्याला जी बचत दिसते ती ग्राहकाला उणीव म्हणून दिसू शकते, हा या गाडीच्या रचनेतला मूळ ताण होता.

चालवण्याच्या दृष्टीने शहरात नॅनो सोयीची होती. सुमारे चार मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती वळत असे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या पेठांतील आणि चाळींमधील अरुंद बोळांत ती सहज फिरे. आसने उंचावर असल्यामुळे गुडघेदुखी असलेल्या वृद्धांना चढणे-उतरणे सोपे जाई. सरकारमान्य चाचणीत तिने लिटरला २३.६ किलोमीटर अंतर कापले होते. महामार्गावर आणि घाटात मात्र तिचा जोर कमी पडे. चार माणसे, सामान आणि चालू वातानुकूलन अशा स्थितीत चढावर इंजिनाची घरघर आत ऐकू येई.

सिंगूरचा वाद

नॅनोचा कारखाना पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात सिंगूर येथे उभारण्याची घोषणा मे २००६ मध्ये झाली. कोलकात्याहून दुर्गापूरकडे जाणाऱ्या द्रुतगती मार्गालगतची सुमारे ९९७ एकर जमीन बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या डाव्या आघाडी सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार ताब्यात घेतली व टाटा मोटर्सला भाडेपट्ट्याने दिली. उद्योगांअभावी मागे पडलेल्या राज्यात मोठा कारखाना येतो आहे, हा सरकारचा युक्तिवाद होता. ही जमीन पडीक नव्हती. तिचा मोठा भाग वर्षाला एकाहून अधिक पिके देणारा होता.

बहुसंख्य मालकांनी मोबदला स्वीकारला, परंतु अनेकांनी तो नाकारला. मोबदल्याची रचनाही वादग्रस्त होती. नोंद असलेल्या बटाईदाराला जमिनीच्या किमतीच्या पंचवीस टक्के रक्कम देण्यात आली. नोंद नसलेल्या बटाईदाराला आणि शेतमजुराला जमिनीच्या मोबदल्यात वाटा नव्हता. म्हणजे ज्यांचे पोट त्या शेतांवर होते पण सातबाऱ्यासारख्या कोणत्याही कागदावर नाव नव्हते, त्यांच्यासाठी ही मोटार उपजीविका जाण्याचे कारण ठरत होती. गरिबांसाठी म्हणून घडवलेल्या वस्तूच्या इतिहासात हा विरोधाभास ठळकपणे नोंदवावा लागतो.

तृणमूल काँग्रेसच्या नेत्या ममता बॅनर्जी यांनी डिसेंबर २००६ मध्ये कोलकात्यात २५ दिवसांचे उपोषण केले. मोबदला न स्वीकारणाऱ्यांची सुमारे ४०० एकर जमीन परत करावी, ही त्यांची मागणी होती. ऑगस्ट २००८ मध्ये कारखान्याच्या दाराशी द्रुतगती मार्गावर धरणे सुरू झाले. तोवर कारखान्याचे बहुतांश बांधकाम झाले होते. राज्यपाल गोपाळकृष्ण गांधी यांच्या मध्यस्थीने बोलणी झाली, पण त्यातून तोडगा निघाला नाही. ३ ऑक्टोबर २००८ रोजी रतन टाटा यांनी सिंगूर सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि चारच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, गुजरातमधील साणंदची निवड घोषित झाली. तेथील सुमारे अकराशे एकर जमीन आणंद कृषी विद्यापीठाच्या ताब्यातली, म्हणजे सरकारी होती. त्यामुळे खासगी शेतजमिनीच्या संपादनाचा प्रश्नच उद्भवला नाही.

सिंगूरचा परिणाम दूरवर झाला. इ.स. २०११ च्या निवडणुकीत डाव्या आघाडीची ३४ वर्षांची सत्ता गेली आणि त्यामागील प्रमुख कारणांत सिंगूर व नंदीग्रामची आंदोलने गणली जातात. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंगूरचे भूसंपादन रद्द ठरवून जमीन शेतकऱ्यांना परत देण्याचा आदेश दिला. जमीन परत मिळाली, पण तिच्यात काँक्रीटचे पाये व भराव घातलेला असल्याने सगळी पुन्हा लागवडीयोग्य झाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी रुपये व त्यावरील व्याज द्यावे, असा निवाडा दिला.

अनावरण, नोंदणी आणि विक्री

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रगती मैदानावरील वाहन प्रदर्शनात नॅनो प्रथम लोकांसमोर आली. दिलेला शब्द तो शब्द, अशा आशयाचे उद्गार काढून टाटांनी एक लाखाची मूळ किंमत कायम ठेवल्याचे जाहीर केले. जगभरच्या पत्रकारांनी या घटनेला मोठी प्रसिद्धी दिली. त्याच वेळी पर्यावरणवाद्यांनी आक्षेपही घेतले. दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या सुनीता नारायण आणि हवामानतज्ज्ञ राजेंद्र पचौरी यांनी शहरांतील कोंडी, प्रदूषण आणि दुर्लक्षित सार्वजनिक वाहतूक यांकडे लक्ष वेधले. लाखो नॅनो रस्त्यावर येतील, ही भीती पुढे खरी ठरली नाही. शहरांतील कोंडी मात्र नॅनोविनाही वाढतच गेली.

२३ मार्च २००९ रोजी मुंबईत गाडीचे विक्रीसाठी अनावरण झाले. एक लाख ही कारखान्याच्या दारातील किंमत होती. कर व वाहतूक धरून दिल्लीच्या दुकानात मूळ आवृत्तीची किंमत सुमारे १ लाख २३ हजार रुपये होई. त्यावर नोंदणी, रस्ताकर आणि विमा वेगळा. सर्वांत वरची आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा सुमारे ५० हजारांनी महाग होती.

एप्रिल २००९ मधील नोंदणीच्या काळात दोन लाखांहून अधिक अर्ज आले आणि त्यांतून सुमारे २,५०० कोटी रुपये जमा झाले. सोडत काढून पहिले एक लाख ग्राहक निवडण्यात आले. या नोंदणीचा तपशील बोलका आहे. सुमारे निम्म्या लोकांनी सर्वांत महाग आवृत्ती मागितली होती. एक लाखाच्या मूळ आवृत्तीची मागणी वीस टक्क्यांच्या आसपास होती. ज्या किमतीमुळे गाडी जगप्रसिद्ध झाली, त्या किमतीची गाडी पहिल्याच दिवशी पाचांपैकी चौघांना नको होती.

साणंदचा कारखाना तयार नसल्याने प्रारंभीच्या गाड्या मुख्यतः उत्तराखंडमधील पंतनगर येथे बनवण्यात आल्या. पहिली गाडी १७ जुलै २००९ रोजी मुंबईत ग्राहकाच्या हाती देण्यात आली. साणंदच्या कारखान्याचे उद्घाटन २ जून २०१० रोजी झाले. उत्सुकता शिगेला पोहोचली होती तेव्हा गाड्या पुरेशा नव्हत्या, आणि पुरेशा गाड्या बनू लागल्या तोवर उत्सुकता ओसरली होती. सिंगूरहून स्थलांतर करण्यात गेलेली ही दोन वर्षे नॅनोला फार महागात पडली.

आगीच्या घटना

मार्च २०१० मध्ये मुंबईत एका नव्या कोऱ्या नॅनोने पेट घेतला. त्याची चित्रफीत वाहिन्यांवर वारंवार दाखवली गेली. याआधी आणि यानंतरही अशा काही तुरळक घटना घडल्या. सुरुवातीच्या घटनांचे कारण सुकाणूजवळच्या एका सदोष बटणात आढळले होते. पुढील घटनांची चौकशी करून कंपनीने रचनेत दोष नसल्याचे सांगितले. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये सर्व ग्राहकांच्या गाड्यांत धूरनलिकेभोवती व विद्युतजोडणीत अधिक संरक्षण विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखवली. त्या महिन्यात देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. महाग गाडीने पेट घेतला तर तो अपघात मानला जातो. स्वस्त गाडीने घेतला तर लोक तिच्या किमतीकडे बोट दाखवतात. नॅनोच्या वाट्याला हा दुसरा निवाडा आला.

हमीचा कालावधी वाढवणे, सुलभ कर्ज आणि लहान गावांतून खास विक्रीकेंद्रे अशा उपायांनी विक्री पुन्हा सावरली. २०११-१२ या आर्थिक वर्षात सुमारे ७४ हजार गाड्या विकल्या गेल्या. हा नॅनोचा उच्चांक होय.

स्वस्तपणाचा शिक्का

भारतात मोटार केवळ वाहन नसते. लग्न ठरवताना, घर भाड्याने घेताना किंवा नातेवाइकांकडे जाताना दाराशी उभी असलेली गाडी कुटुंबाची ऐपत सांगते. स्कूटर चालवणाऱ्या गृहस्थाला कोणी गरीब म्हणत नाही. नॅनो घेतलेल्या गृहस्थाने मात्र जगातील सर्वांत स्वस्त गाडी घेतली आहे, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. आयुष्यातील पहिल्या मोटारीसाठी जन्मभर पैसे साठवलेल्या माणसाला हा शिक्का नको होता. थोडे अधिक हप्ते भरून मारुती अल्टो घेणे किंवा त्याच पैशांत चांगल्या स्थितीतील वापरलेली गाडी घेणे, हे दोन्ही पर्याय त्याच्यापुढे होते. वापरलेल्या गाडीची किंमत शेजाऱ्याला कळत नाही, हा तिचा न बोलला जाणारा गुण होय.

दुचाकीस्वाराचा दुसरा अडसर पैशांच्या स्वरूपाचा होता. ज्या छोट्या दुकानदाराला किंवा कारागिराला ही गाडी विकायची होती, त्याच्याकडे वेतनाची चिठ्ठी नसल्याने बँकेचे कर्ज सहज मिळत नसे. शिवाय चकचकीत वातानुकूलित दालनात पाऊल टाकायला तो बिचकत असे. गाडीचा खर्चही किमतीपाशी संपत नव्हता. विमा, देखभाल आणि उभी करायला जागा यांचा हिशेब स्कूटरच्या मानाने कितीतरी मोठा होता. परिणामी नॅनोचे अनेक ग्राहक आधीच मोटार असलेल्या घरांतले निघाले. घरातील दुसरी गाडी म्हणून ती त्यांनी घेतली.

इ.स. २०१३ मध्ये रतन टाटा यांनीही मान्य केले की, लोकांनी आणि खुद्द कंपनीनेही नॅनोला 'सर्वांत स्वस्त गाडी' म्हणून पुढे केले, ही चूक झाली. त्यानंतर कंपनीने तरुणांना रुचतील असे रंग, विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग आणि मे २०१५ मधील नव्या आवृत्तीत उघडणारी डिकी, २४ लिटरची टाकी व स्वयंचलित गिअर अशी भर घातली. ही सुधारित नॅनो पूर्वीपेक्षा निःसंशय सरस होती. परंतु तिची किंमत दोन लाखांच्या पुढे गेली होती आणि शिक्का जुनाच राहिला.

त्याच वर्षी रेनो कंपनीची क्विड बाजारात आली. आरंभीची किंमत अडीच लाखांच्या थोडी वर, रूप मात्र उंच, दणकट, मोठ्या गाडीसारखे. तिच्या जाहिरातीत स्वस्ताईला गौण स्थान होते. तिला मिळालेला प्रतिसाद पाहता ग्राहकाला कमी किंमत हवी होती, पण ती दिसायला नको होती, असे म्हणता येते.

सुरक्षितता

अतिस्वस्त मोटारींवरील सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच छोट्या गाड्यांच्या हवेच्या पिशव्या नसलेल्या आवृत्त्यांच्या धडक-चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या समोरील धडकेत नॅनोला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचपैकी एकही तारा मिळाला नाही. अल्टो ८००, आय१०, फिगो आणि पोलो या गाड्यांनाही शून्यच मिळाले. यांतील काही गाड्या नॅनोच्या दुपटीहून महाग होत्या. फोक्सवॅगन पोलोमध्ये दोन हवेच्या पिशव्या बसवल्यावर मात्र तिला चार तारे मिळाले. नॅनोबाबत तसे होणे कठीण होते, कारण तिचा सांगाडाच पुरेसा मजबूत नसल्याचे चाचणीत दिसले. म्हणजे तेथे उणीव एखाद्या गाळलेल्या वस्तूची नव्हती, तर सहाशे किलो वजनाच्या मूळ रचनेचीच होती.

नॅनोचे समर्थक तुलना स्कूटरशी करतात. चौघांच्या डोक्यावर छप्पर, भोवती पत्रा व कमरेला पट्टा असणे हे उघड्या स्कूटरपेक्षा केव्हाही बरे, हा त्यांचा मुद्दा शहरातील कमी वेगाच्या वाहतुकीपुरता पटण्यासारखा आहे. मात्र मोटार हाती आली की कुटुंब गावाला, लग्नाला, देवदर्शनाला महामार्गावरून निघते. तेथे समोरून येणारा ट्रक स्कूटरच्या वेगाने येत नाही. ज्या मुलांसाठी गाडी घेतली, त्यांच्या जिवाची किंमत काही हजारांच्या बचतीत धरली गेली काय, हा टीकाकारांचा प्रश्न नॅनोपुरताच नव्हता. तो त्या काळातल्या सर्वच भारतीय छोट्या गाड्यांना लागू होता.

शेवट

२०१३-१४ मध्ये विक्री सुमारे २१ हजारांवर घसरली आणि २०१६-१७ मध्ये साडेसात हजारांच्या आसपास आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये टाटा समूहाच्या अध्यक्षपदावरून दूर केल्यानंतर सायरस मिस्त्री यांनी लिहिलेल्या पत्रात नॅनोचा उत्पादनखर्च सतत एक लाखाच्या वर राहिल्याचे आणि तिच्यातील तोटा एके काळी एक हजार कोटी रुपयांपर्यंत पोहोचल्याचे म्हटले होते. गाडी बंद न करण्यामागे भावनिक कारणे असल्याचाही त्यात उल्लेख होता. जून २०१८ मध्ये साणंदला केवळ एक नॅनो तयार झाली. साणंदच्या कारखान्यात त्याआधीच टियागो या मोटारीचे उत्पादन सुरू झाले होते. त्यामुळे कारखाना चालू राहिला.

नॅनो टिकली असती तरी पुढील नियमांत बसणे तिला अवघड गेले असते. ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना धडक-चाचणीचे निकष लागू झाले, त्याच वर्षी चालकासाठी हवेची पिशवी सक्तीची झाली आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा आली. यांतील प्रत्येक गोष्टीचा खर्च मोठ्या गाडीत खपून जातो. लाखाच्या गाडीत तो ठळकपणे डोळ्यांत भरतो.

नंतरचे प्रयत्न

पुण्याच्याच बजाज ऑटोने जानेवारी २०१२ मध्ये आरई६० नावाचे छोटे चारचाकी वाहन दाखवले. पुढे ते क्यूट या नावाने ओळखले गेले. २१६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि ताशी ७० किलोमीटरची वेगमर्यादा असलेले हे वाहन मोटार नव्हे तर 'क्वाड्रिसायकल' या वेगळ्या वर्गात मोडते. तो वर्ग कायद्यात आणण्यास, तसेच न्यायालयीन वादांत, अनेक वर्षे गेली. महाराष्ट्रात ते एप्रिल २०१९ मध्ये विक्रीस आले, तेव्हा त्याची किंमत अडीच लाखांच्या घरात होती. रिक्षाला पर्याय म्हणून त्याचा विचार झाला, घरगुती गाडी म्हणून ते फारसे रुजले नाही. नॅनोच्या सांगाड्यावर विजेवर चालणाऱ्या काही गाड्याही तयार करण्यात आल्या, पण त्या मर्यादित वापरापुरत्याच राहिल्या.

दुचाकीवरील कुटुंबाच्या प्रश्नाला सरकारने दुसऱ्या वाटेने हात घातला. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा व शिरस्त्राण घालणे आवश्यक ठरले आणि अशा वेळी ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा घालण्यात आली. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.